लाटा आणि बर्फ: ठाण्या-नवी मुंबईत राहून वर्ष कसं आखायचं

वर्षातले सहा-सात महिने जमेल तेव्हा समुद्रावर, दीड-दोन आठवडे बर्फात, आणि बाकीचे दिवस ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने. असं वर्ष जगता येतं, आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही की गोव्यात जाऊन राहावं लागत नाही. ठाणं आणि नवी मुंबई या बाबतीत भाग्यवान आहेत. कोकण रेल्वेच्या गाड्या ठाण्याला आणि पनवेलला थांबतात, येऊर आणि पारसिकचे चढ दारात आहेत, आणि पोहायला शिकवणारे तलाव दोन्हीकडे आहेत.

हा लेख ज्यांनी अजून सर्फबोर्डवरही पाय ठेवलेला नाही आणि स्कीवरही नाही, अशा मुलींसाठी आणि बायकांसाठी आहे. वय पंचविशीचं असो की पंचेचाळिशीचं, क्रम एकच ठेवा: आधी कॅलेंडर, मग शरीर, मग शिक्षक, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. बहुतेकजणी खरेदीपासून सुरुवात करतात. मग भारीतलं जॅकेट कपाटात लटकत राहतं आणि जानेवारीत रजा मिळत नाही.

पहिली पायरी: वर्ष कागदावर मांडा

बर्फाचा हंगाम छोटा आणि लहरी असतो, म्हणून तो आधी आखायचा. आपल्याकडे नवशिक्यांसाठी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ भरवशाचा. गुलमर्गला मार्चातही बर्फ मिळतो. हा बर्फ पडतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे हिवाळी वादळी ढगांमुळे, आणि ते वेळेवर येतीलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चात ढकलाव्या लागल्या. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत बर्फात जाऊ नका. फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा, आणि विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या.

समुद्राचं गणित वेगळं. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नवशिक्यांनी पाण्यात उतरायचंच नाही. याला कुठल्या ॲपचा पुरावा लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते, आणि नवी मुंबईतल्या दिवाळे गावापासून विरारजवळच्या अर्नाळ्यापर्यंत कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच होड्या लोटतात. ज्यांचा जन्म समुद्रात गेला ते थांबतात, तर आपणही थांबायचं. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाटा लहान आणि एकसारख्या असतात, शिकायला याहून चांगला काळ नाही. मार्च-एप्रिलमध्ये थोड्या मोठ्या लाटा येतात आणि मेच्या उत्तरार्धात समुद्र चढायला लागतो.

आता रजा. खाजगी नोकरीत असाल तर बर्फासाठी सलग आठ-दहा दिवसांची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच साहेबांच्या कानावर घाला. समुद्रासाठी अख्ख्या रजा लागत नाहीत, शुक्रवारी एक रजा काढून शनिवार-रविवार जोडला की भागतं. शिक्षिकांना दिवाळीची सुट्टी समुद्रासाठी अगदी सोयीची. बर्फाच्या दिवसांत मात्र शाळेत परीक्षांची धामधूम असते, तेव्हा मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवावं लागेल.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात कोकण रेल्वेची तिकिटं पहिल्याच सकाळी संपतात, म्हणून ती साठावी तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरी पायरी: पोहणं, आणि त्यात सूट नाही

सर्फिंग स्कूलवाले सांगतात की पोहता येत नसलं तरी चालेल, आम्ही कंबरभर पाण्यातच शिकवतो. पहिल्या तासापुरतं ते खरं आहे. पण बोर्डाची पायाला बांधलेली दोरी तुटली, किंवा पाण्याने तुम्हाला आत ओढलं, तर उपयोगी पडणार ते तुमचंच पोहणं. माझी कसोटी साधी आहे: न थांबता २०० मीटर पोहता यायला हवं, पाय टेकत नाहीत अशा पाण्यात दहा मिनिटं तरंगत राहता यायला हवं, आणि तोंडावर पाणी आलं तरी श्वास सांभाळता यायला हवा. वेग कितीही कमी असो.

ठाण्यात महापालिकेचा मारोतराव शिंदे तरणतलाव आहे, वाशीला फादर ॲग्नेलचा तलाव आहे, आणि मोठ्या सोसायट्यांत हल्ली स्वतःचे तलाव असतात. महिलांसाठी राखीव बॅच असेल तर तिथे नाव घाला. चाळिशीत पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या बायका अशा बॅचमध्ये भरपूर भेटतात, आणि त्यांच्यासोबत भीती लवकर जाते. एप्रिल-मेमध्ये शाळकरी मुलांची गर्दी असते. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र बंद असतो आणि तलावही तुलनेने मोकळे असतात, तेव्हा हेच चार महिने पोहण्याला द्या. शेवटच्या महिन्यात प्रशिक्षकांना सांगून पाण्याखाली पंधरा-वीस सेकंद शांत राहण्याचा सराव करा, पण एकटीने कधीही नाही.

तिसरी पायरी: पाय, कंबर आणि खांदे

लाटेवर उभं राहायला खांदे लागतात, कारण बहुतेक वेळ तुम्ही पालथं झोपून हातांनी पाणी मारत असता. बर्फावर मांड्या आणि गुडघे लागतात. घरी चटईवर रोज दहा मिनिटं दिली तरी फरक पडतो: बैठका, प्लँक, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, आणि पालथ्या झोपेतून एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहणं. या शेवटच्याला पॉप-अप म्हणतात. किनाऱ्यावर पहिला दिवस यातच जातो, घरून शिकून गेलात तर तो दिवस वाचतो.

रविवारी सकाळी येऊरचा रस्ता किंवा बेलापूरच्या पारसिक हिलचा चढ घ्या. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. उतरताना मांड्या ज्या पद्धतीने शरीराचा भार पेलतात, तेच काम त्यांना स्कीवर दिवसभर करायचं असतं. गुडघा आधीच दुखत असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बर्फाचा विचार करू नका. आणि बर्फात जाण्याच्या दोन-तीन महिने आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्यात रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की थकवा आपण स्वभावातच जमा करून टाकतो, उंचीवर मात्र तो लपत नाही.

चौथी पायरी: पहिली लाट

चाखून बघायचं असेल तर विरार-नालासोपाऱ्याच्या बाजूला राजोडीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवतात. ठाण्याहून घोडबंदर रोडने सकाळी लवकर निघालं की एका दिवसात जाऊन येता येतं. लाटा बेताच्या असतात आणि पाणी गढूळ, पण आपल्याला हे आवडतंय का, हे कळायला तेवढं पुरतं.

खरं शिकायला मात्र दक्षिणेला जा. कर्नाटकातल्या मुलकीला २००४ मध्ये मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला, आणि देशातल्या सर्फिंगच्या शिक्षणाची सुरुवात तिथूनच मानतात. उडुपीजवळ कोडी बेंगरेला शाका सर्फ क्लब आहे. तो २००७ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी एक इशिता मालवीय, मुंबईची मुलगी, मणिपालला शिकायला गेली आणि देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर झाली. तिच्यासारखी कुणी किनाऱ्यावर आधी उभी राहिली म्हणून आज आपल्याला तिथे वेगळं वाटत नाही, हे मी मनापासून मानते. उत्तर गोव्यात मांद्रे-अश्वे भागातही शिकवणारे आहेत, गोकर्णलाही आहेत.

जायला मत्स्यगंधा एक्सप्रेस सोयीची. लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारी सुटते, ठाणे-पनवेल करत दुसऱ्या दिवशी सकाळी उडुपी-मुलकीकडे पोचवते. गोव्यासाठी थिवीला उतरा. पहिल्या खेपेला सलग तीन दिवस तरी ठेवा. पहिला दिवस पडण्यात जातो, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, तिसऱ्या दिवशी लाट कळायला लागते. दोनच दिवस ठेवलेत तर नेमकी तीच सकाळ हुकते.

स्कूल निवडताना फोनवर चार गोष्टी विचारा. एका शिक्षकामागे किती जण असतात? चारच्या वर असतील तर दुसरं स्कूल बघा. शिक्षक स्वतः पाण्यात उतरतात की किनाऱ्यावरून ओरडतात? जीवरक्षणाचं प्रशिक्षण झालंय का? आणि कपडे बदलायला बंद खोली आहे का? सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडियाशी संलग्न असलेलं स्कूल असेल तर अधिक चांगलं. एका सत्राचे साधारण दीड ते तीन हजार रुपये घेतात, तीन-चार सत्रं एकदम घेतली की थोडं कमी होतं.

वेळ निवडायची ती पहाटेची. रात्री जमीन थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो लाटेला समोरून अडवतो, म्हणून ती नीट उभी राहून फुटते. दहा-अकराला समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू झाला की पाणी विस्कटतं. म्हणजे साडेसहाला पाण्यात, साडेआठला नाश्त्याला नीर डोसा.

भरती-ओहोटीही समजून घ्या. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. साधारण सहा तासांनी ओहोटी. राजोडीला हा हिशेब अंदाजापुरता उपयोगी पडतो, दक्षिणेला वेळ बदलते तेव्हा तिथला तक्ता बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ जास्त असते, पहिली सहल अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत ठेवलीत तर पाणी सौम्य मिळेल.

पाण्यातले नियम थोडे, पण पाळायचेच:

- बोर्ड आठ-नऊ फुटी, मऊ फोमचाच घ्या. लहान चकचकीत बोर्डाचा मोह पहिल्या वर्षी टाळा.
- बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नका, लाट तो तुमच्यावरच आदळते.
- पडलात की सपाट पडा, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरा.
- एका लाटेवर एकच जण. जी आधी लाटेच्या फुटत्या भागाजवळ आहे, लाट तिची.

आणि ओढ ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा मात्र शांत, गडद दिसतोय, फेस आत चाललाय, तर तिथून पाणी समुद्राकडे परततंय. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. तिच्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून जाल. बोर्ड सोडू नका, त्यावर पडून राहा, हात वर करून खूण करा, आणि किनाऱ्याला समांतर सरका. पट्टा संपला की लाटाच तुम्हाला बाहेर आणतात.

पाचवी पायरी: पहिला बर्फ

मनालीला सहलीला गेलेली प्रत्येक बाई सोलांगला भाड्याचा ओव्हरकोट आणि गमबूट चढवून, तासभर स्कीवर उभं राहून फोटो काढून येते. त्याला स्कीइंग म्हणू नका, आणि त्यावरून आपल्याला हे जमणार नाही असंही ठरवू नका. तासाभरात कुणालाच काही येत नाही. हा खेळ कोर्स करूनच शिकायचा, आणि आपल्याकडे सरकारी कोर्स चांगले आहेत, खाजगीपेक्षा बरेच स्वस्तही.

तीन ठिकाणं ध्यानात ठेवा. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलांगला १४ दिवसांचा प्राथमिक कोर्स घेते. शिस्त कडक, राहणं सामूहिक, आणि उतार चढून जायचा तोही स्की घेऊन स्वतःच्या पायांनी. ज्यांना दोन आठवडे रजा मिळते त्यांना मी डोळे मिटून हेच सुचवेन. याच सोलांगच्या उतारांवर तयार झालेल्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला कांस्य जिंकलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक.

दुसरं औली. तिथे गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात. सात दिवसांचा कोर्स नोकरदार बायकांना जमतो, पण हरिद्वारहून जोशीमठपर्यंतचा रस्ता पूर्ण एक दिवस खातो, तो हिशेबात धरा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा रोपवे बंद झाला, वर रस्त्यानेच जायचं असं समजून आखणी करा.

तिसरं गुलमर्ग. गाव सुमारे २,६५० मीटरवर, केंद्र सरकारची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था तिथेच आहे, आणि बर्फ देशातला सर्वोत्तम. मुंबईहून श्रीनगरला विमान, पुढे सुमारे ५० किलोमीटर गाडी, बर्फ जास्त असेल तर टंगमर्गहून चाकांना साखळ्या लावलेली गाडी. बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आई किंवा सासूबाई रोज फोनची वाट बघणार असतील तर हे निघण्याआधीच सोडवा. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, दोन टप्प्यांत जातो, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर नेतो. पहिल्या वर्षी तिथून खाली स्की करत यायचा विचारही नको. आखलेल्या उतारांबाहेर हिमस्खलनाचा धोका खरा आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. गावातल्या सपाट-उतरत्या मैदानांवर नवशिक्यांना महिनाभर पुरेल एवढं शिकायला आहे.

स्की की स्नोबोर्ड, हा प्रश्न सर्फिंग करणाऱ्या प्रत्येकीला पडतो, कारण स्नोबोर्ड ही एकच फळी असते आणि तिच्यावरही आडवं उभं राहायचं असतं. तरी माझा सल्ला: पहिलं वर्ष स्की. सरकारी कोर्स मुख्यतः स्कीचे आहेत, दोन पाय मोकळे असल्याने सपाटीवर अडकून पडत नाही, आणि ओढून नेणाऱ्या लिफ्टवर चढणं सोपं जातं. दुसऱ्या वर्षी बोर्ड घ्या. तेव्हा मनगटांना आधारपट्टे लावा आणि पडताना मुठी बंद ठेवा, उघड्या पंजावर पडलं की मनगट जातं.

पहिल्या दिवशी पोचल्यावर काहीही करू नका. पाणी प्या, चाला, लवकर झोपा. दुसऱ्या दिवसापासून बूट नीट बसतोय का ते बघा: नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली, टाच न उचलणारी, आणि आत एकच मोजा. दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. शिकायचं पहिलं काम म्हणजे थांबणं. स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, गुडघे आत. भार पुढे ठेवायचा. भीती वाटली की शरीर मागे झुकतं, आणि मागे झुकलं की स्की हातातून जाते. प्रशिक्षक दिवसभर "आगे झुको" ओरडत राहतात त्याचं कारण हेच.

सहावी पायरी: कपडे, पाळी, केस, कातडी

समुद्रासाठी पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टीशर्ट, आणि जाड लेगिंग पुरतं. आपलं पाणी उबदार आहे, गार पाण्यासाठीचा रबरी वेटसूट लागत नाही. सुती टीशर्ट नको, ओला होऊन जड होतो आणि बोर्डावर घासून पोट सोलवटतं. केसांना आदल्या रात्री खोबरेल लावून घट्ट वेणी घाला, पण तळहात साबणाने धुऊनच बोर्डाला हात लावा, नाहीतर तो निसटतो. मंगळसूत्र, अंगठ्या, नथ, बांगड्या घरीच ठेवा. दोरीत अडकलेली अंगठी बोटाला मोठी इजा करू शकते.

बर्फात आत थर्मल, मध्ये फ्लीसचा मऊ, उबदार थर, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. जीन्स अजिबात नको. थर्मल, मोजे, हातमोजे आणि गॉगल स्वतःचे घ्या, डेकॅथलॉनसारख्या दुकानात सगळं मिळतं. स्की, बूट आणि हेल्मेट कोर्सवाले देतात किंवा भाड्याने मिळतात. सनस्क्रीन दोन्हीकडे लागतं, बर्फावर तर हनुवटीच्या खालीसुद्धा, कारण ऊन खालून परत येतं.

पाळीमुळे सहल रद्द करू नका. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरून पाण्यात उतरता येतं, मात्र त्याची सवय दोन-तीन महिने आधी घरी करून घ्या. बर्फावर दिवसभरात स्वच्छतागृह एखाद्या वेळेलाच मिळेल असं धरून तयारी करा. गोळीने पाळी पुढे ढकलायची असेल तर ते आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच.

सातवी पायरी: पैसे आणि घर

बर्फाची सहल महाग पडते, ती एका पगारात बसत नाही. मार्चमध्ये रिकरिंग डिपॉझिट सुरू करा, जानेवारीत हातात येईल असं. त्याला हात लावायचा नाही, अगदी गणपतीतही नाही. विमा घेताना साहसी खेळ वगळलेत का ते वाचा. अनेक साध्या पॉलिसींत स्कीइंगचा अपघात धरत नाहीत.

घरच्यांना जेवढी माहिती द्याल तेवढा विरोध कमी होतो. स्कूलचा पत्ता, शिक्षकांचा नंबर, राहण्याची जागा, परतीची गाडी, सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. लहान मुलं असतील तर मुलकी-गोव्याला त्यांना घेऊनच जा, किनारा त्यांनाही आवडतो. बर्फाच्या कोर्सला मात्र एकटीनेच जावं. एकटी जाताना सरकारी कोर्सचा सामूहिक मुक्काम मला सगळ्यात सुरक्षित वाटतो, महिलांची खोली वेगळी असते का हे अर्ज करतानाच विचारून घ्या.

पावसाळ्यात सामान सांभाळणं हे आपल्याकडचं खास काम. खाऱ्या पाण्याचे कपडे गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. जॅकेट आणि हातमोजे बॉक्स-बेडमध्ये कोंबलेत तर जुलैत बुरशी धरणारच, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात टांगून ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी बाल्कनीत काढा. आणि दुसऱ्या वर्षी, हात बसल्यावर, पावसाळाही रिकामा घालवायचा नसेल, तर चेन्नईजवळचं कोवलम किंवा महाबलीपुरम गाठा. आपल्याकडे समुद्र खवळलेला असतो तेव्हा पूर्व किनाऱ्यावर चांगल्या लाटा असतात. ऑगस्ट २०२५ ची आशियाई सर्फिंग स्पर्धा महाबलीपुरमलाच झाली. ऑक्टोबर लागला की तिकडे ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळं सुरू होतात, तोवर आपला किनारा पुन्हा उघडलेला असतो.